आप्पांच्या रिळाची स्प्रिंग

मनुष्य नश्वर आहे, असे सर्व धर्म सांगतात. मनुष्याच्या वस्तूंचे सुटे भाग त्याच्याही आधी नाहीसे होतात, हे मात्र एकाही धर्माने सांगितलेले नाही. ते काम परदेशी कंपन्यांनी अंगावर घेतले आहे. आत्मा अमर आहे, देह नाशवंत आहे आणि स्प्रिंग सध्या उपलब्ध नाही, या तीन तत्त्वांवर सृष्टीचा कारभार चालतो. पैकी पहिल्या दोहोंबद्दल मतभेद असू शकतात.

रत्नागिरीचे गंगाराम नागवेकर ऊर्फ आप्पा हे तिसऱ्या तत्त्वाचे जिल्ह्यातले आद्य अभ्यासक. हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून ते निवृत्त झाले आणि शेवटच्या फेरीत जपानहून मासे गरवायचे एक रीळ घेऊन आले. कंपनीचे नाव इथे देत नाही. आप्पाही ते आंघोळ केल्याशिवाय घेत नसत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर रीळ म्हणजे गरवायच्या काठीच्या बुडाशी बसवायचे, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा गुंडाळणारे आणि सोडणारे यंत्र. हे रीळ खाऱ्या पाण्याला दाद देत नसे, वाळूला दाद देत नसे आणि, पुढे दिसून आले त्याप्रमाणे, माशांनाही दाद देत नसे.

भगवती बंदराच्या खडकांवर आप्पांच्या शेजारी बसणारी मंडळी पाण्याच्या रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळून येत आणि तांबोशी मासा घेऊन जात. आप्पा रीळ घेऊन जात आणि रीळ घेऊन येत. (याला छंद म्हणतात. मासे मिळाले असते तर त्याला धंदा म्हणावे लागले असते, आणि आप्पा तर निवृत्त होते.) बाटलीत एकच दोष होता. ती फुटली तर दुसरी कुठेही मिळे, त्यामुळे तिला काही इज्जत उरली नव्हती. वस्तूची प्रतिष्ठा तिचा सुटा भाग किती दुर्मिळ आहे यावर ठरते. मिक्सरचे भांडे बाजारात मिळते, म्हणून मिक्सरला कुणी नमस्कार करत नाही.

या रिळाच्या तोंडाशी तारेची एक कडी होती. गरी फेकताना ती उघडायची. फेकून झाल्यावर ती आपोआप टक् करून मिटायची. मिटवण्याचे काम तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग करत असे. ती मोडली, आणि जपानी तंत्रज्ञान एका क्षणात पाण्याच्या बाटलीच्याही खाली आले.

घरच्यांनी उपाय सुचवले. मुंबईला नोकरी करणाऱ्या सर्वेशने, म्हणजे मुलाने, बॉलपेनची स्प्रिंग आणली. आप्पांचे धाकटे भाऊ धाकूकाका यांनी छत्रीची आणली, सोबत छत्रीही आणली. लोटे गावच्या एका वर्कशॉपवाल्याने हुबेहूब करून देतो म्हणून सांगितले. आप्पांचे सर्वांना एकच उत्तर होते. "डुप्लिकेट नको."

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. याच गृहस्थाने भर समुद्रात फुटलेला पाइप दुधाच्या डब्याच्या पत्र्याने बांधून जहाज कोलंबोला लावले होते. तो पत्रा ओरिजिनल नव्हता. जहाजाला जे चालले ते रिळाला का चालू नये, हे कोडे घरात कुणाला सुटले नाही. आप्पा कंपनीला पत्रे लिहीत, दर दोन-तीन महिन्यांनी पहाटेच्या एसटीने 'स्प्रिंगच्या कामाला' मंडणगडला जात आणि रात्री हात हलवत, पण भरल्या पोटाने परतत.

"मंडणगडात कसली स्प्रिंग?" आईने, म्हणजे दमयंतीबाईंनी, एकदा विचारले.

"तिथं एक माणूस आहे," आप्पा म्हणाले, आणि विषय मिटला. कडीपेक्षा लवकर मिटला.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता आप्पा गेले. सकाळी चहा घेतला, कप स्वतः विसळून पालथा घातला, आणि गेले. डॉक्टरांनी हृदयातल्या एका झडपेचे नाव सांगितले. (ती बदलता येते. मागवावी लागते.)

दहाव्याला भाट्याच्या खाडीकाठी पिंड मांडले. पद्धत सर्वांना ठाऊक आहे. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याची इच्छा मागे राहिली नाही असे समजून मंडळींनी घरी जाऊन जेवायचे. न शिवल्यास इच्छा कोणती ते अंदाजाने ओळखून ती पुरी करण्याचे वचन द्यायचे. तक्रार निवारणाची इतकी थेट यंत्रणा अन्यत्र नाही. तक्रारदार हयात नसताना तक्रार दाखल होते आणि निकाल जागच्या जागी मिळतो.

कावळा होता. समोरच्या माडावर बसून पिंडाकडे पाहतही होता. येत नव्हता.

"दादा, वयनीची काळजी करू नको. मी हाय," धाकूकाका हात जोडून म्हणाले. कावळ्याने मान दुसरीकडे वळवली. आईनेही वळवली.

"अहो, सर्वेशचं लग्न उरकून टाकू यंदा," आई म्हणाली. कावळ्याने झावळीला चोच पुसली. सर्वेशला हायसे वाटले.

"बांधाचा तंटा मिटवू शेजाऱ्याशी," कुणीतरी मागून म्हणाले. त्यावर कावळा उडून पलीकडच्या माडावर गेला.

"ता नको," धाकूकाका घाईने म्हणाले. "ता भांडण त्याच्या आवडीचा होता."

ऊन चढले. भटजी गुरुप्रसाद यांना दुपारी खेडशीला वास्तुशांत होती. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला. "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला मान्य आहे." शास्त्राचा मोठेपणा इथे दिसतो. मूळ कावळा उपलब्ध नसल्यास पर्यायी कावळा चालतो, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. रिळाच्या माहितीपुस्तिकेत असले एकही कलम नाही.

आप्पांची मुलगी अक्षया सगळ्यांच्या मागे उभी होती. घरात आल्या-गेल्याला चहा देणे, डॉक्टरांचे कागद नीट लावणे, चपला ओळीत ठेवणे, असे सगळे तिने केले होते. फक्त रडली नव्हती. भटजींच्या हातातला दर्भ पाहून ती पुढे आली.

"डुप्लिकेट?" ती म्हणाली. मग माडाकडे वळून म्हणाली, "आप्पा, तुमच्या रिळाची स्प्रिंग मी आणीन."

कावळ्याने मान तिरकी केली. तो हलेना.

"ओरिजिनल," अक्षया म्हणाली.

कावळा खाली आला.

उपस्थितांपैकी कुणालाही याचे नवल वाटले नाही. आप्पांना ओळखणाऱ्यांना वाटण्याचे कारणच नव्हते. धाकूकाका तेवढे परतताना कुरकुरले. "ओरिजिनल कशाला बोललीस गो? आधी नुसती स्प्रिंग बोलून बघायची. भाव करायचा थोडा."

जिवंत माणसाला दिलेले वचन आणि मेलेल्याला दिलेले वचन यांत फरक असा, की दुसऱ्यात मुदतवाढ मागता येत नाही. वर्षश्राद्धाच्या आत स्प्रिंग आली पाहिजे, हे कुणी न सांगताच ठरले. त्यानंतर घरात जे काही बिघडले त्याचे कारण एकच ठरले. सर्वेशचे जमत आलेले लग्न फिसकटले, कलमांचा मोहर गळला, मोटारपंप जळला, मांजर दुसऱ्याच्या घरी राहायला गेले. धाकूकाका प्रत्येक वेळी छताकडे बघून म्हणत, "वचन हाय वर." मासळीबाजारात बसणारी मथुरा बांगडे मोजून टाकता टाकता विचारी, "आली का गो तुझ्या बापाशीची स्प्रिंग?" आणि नाही म्हटले की एक बांगडा जास्त घाली. शोकाला समाजाने दिलेल्या सवलतींपैकी एवढी एकच अक्षयाच्या खरोखर उपयोगी पडली.

अक्षया एका सरकारी कचेरीत आवक-जावक पाहते. अर्जदाराला दुखावल्याशिवाय परत कसे पाठवावे, हे तिला शिकवण्याची गरज नाही. त्यामुळे कंपनीची उत्तरे वाचताना तिला घरच्यासारखे वाटे. पहिल्या पत्रात कंपनीने कळवले की हे रीळ आता 'वारसा श्रेणी'त गेले आहे. (म्हणजे वस्तू इतकी थोर ठरली आहे की तिचे सुटे भाग बनवणे हा तिचा अपमान होईल.) दुसऱ्या पत्रात मालकांनी स्वतः संपर्क साधावा, असे सुचवले. मालक हयात नाहीत, असे तिने कळवले. तिसऱ्या पत्रात कंपनीने मनापासून दुःख व्यक्त करून विचारले, की मालकांना नवीन मॉडेल घेण्यात रस आहे काय. चौथे पत्र आले ते मालकांच्या नावे. आमच्या सेवेबद्दल आपण मित्रांना किती आवडीने सांगाल, असे त्यात विचारले होते. अक्षयाने ते पत्र दोनदा वाचले. इतक्या उंचीवर तिची कचेरी अजून पोहोचली नव्हती.

मग तिला जगभरच्या त्या रिळाच्या मालकांचा एक गट सापडला. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण प्रत्येकाचे रीळ बंद होते आणि प्रत्येकाची तीच स्प्रिंग मोडली होती. शंभरात शंभर. प्रत्येकाला असे रीळ हवे होते जे दुसऱ्या कशाने तरी मेले असेल. एका सभासदाने आपले रीळ बोटीतून समुद्रात पडल्याचे कळवले, तेव्हा गटात थोडा वेळ शांतता पाळण्यात आली. नंतर सर्वांनी एकदमच विचारले, नेमके कुठे पडले?

उन्हाळा आला तेव्हा आईला आठवले. "मंडणगडला कुणी माणूस आहे म्हणायचे ना?"

अक्षया पहाटेच्या एसटीने निघाली. दापोलीला गाडी बदलली, घाट चढली, आणि 'रत्नागिरीचे नागवेकर यायचे ते घर' एवढ्या पत्त्यावर अर्ध्या गावाने तिला बोट धरून नेऊन पोहोचवले. घर भागोजींचे होते. भागोजी आप्पांच्याच जहाजावर खलाशी होते. बायको सखू देवाघरी गेलेली, मुले मुंबईला. दारात बसून ते कोकमे फोडत होते. अक्षयाने नाव सांगताच त्यांनी आत जाऊन कपाटातून एक खोके आणले. आत तेच रीळ होते. नवे कोरे. मंडणगडला समुद्र नाही, त्यामुळे ते उत्तम स्थितीत होते.

"काका, तुम्ही हे कशाला घेतलंत?"

"गंगारामानं घेतलान म्हणून."

अक्षयाने हळूच कडी उघडली. कडी उघडी ती उघडीच राहिली. आत स्प्रिंग नव्हती.

"ती तुझ्या बापाशीनं नेलीन," भागोजी म्हणाले. "त्याची पयली मोडली तवा. 'चार दिवस दे, कंपनीची आली की तुझी तुला आणून देतो, ओरिजिनल.' नेलीन, न् तीपन मोडलीन. मग काय. दोन मयने झाले की हजर. 'भागोजी, नाय आली रे.' मी बोलायचो, 'गंगाराम, तुझ्यावर कायपन भरवसा नाय.' मग दोघं जेवायचो. जहाजावरल्या शिव्या काढायचो एकमेकांच्या. दुपारची यष्टी पकडायचा."

त्यांनी दोन पाने वाढली. कुळथाची पिठी, भाकरी, कांदा. समुद्रात पाइप बांधणाऱ्या माणसाला तांदळाएवढी स्प्रिंग वळता का आली नाही, हे अक्षयाला भाकरीच्या दुसऱ्या घासाला कळले. तिथून पुढचे जेवण तिने खाली मान घालून केले. भागोजींनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला आणि कांदा फार तिखट आहे, असे स्वतःच सांगून टाकले.

निघताना ते दारापर्यंत आले. "आली तर कळव. आनि नाय आली तरी ये सांगाया. गंगाराम येयाचा."

तेव्हापासून तीही जाऊ लागली. 'नाही आली, काका,' एवढे सांगायला दापोलीवरून गाडी बदलून जावे लागते आणि ते फोनवर सांगता येत नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांनी कधी सुट्या भागाची वाट पाहिलेली नाही.

आणि आषाढात, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, कंपनीचे पाचवे पत्र आले. कंपनीत 'दिवंगत ग्राहक कक्ष' नावाचे एक खाते असल्याचे त्यावरून समजले. मृत ग्राहकाची तक्रार प्रलंबित ठेवणे कंपनीच्या परंपरेत बसत नसल्यामुळे, कंपनीच्या संग्रहालयातल्या रिळातून एक स्प्रिंग काढून सोबत पाठवण्यात आली होती. जिवंत ग्राहकांसाठी अशी योजना नाही, हेही नम्रपणे नमूद केले होते. वस्तूचा सुटा भाग मिळवण्यासाठी ग्राहकाने काय करावे, याचे इतके स्पष्ट मार्गदर्शन आजवर कोणत्याही कंपनीने केलेले नाही.

छोट्या डबीत कापसावर स्प्रिंग होती. धाकूकाकांनी तिला हळदकुंकू वाहिले. सर्वेश मुंबईहून तिच्यासाठी रजा टाकून आला. (आप्पा गेले तेव्हा ती मुश्किलीने मंजूर झाली होती. सुटा भाग आला आहे म्हटल्यावर साहेब हेलावले. त्यांची कॉफीची मशीन इटलीची आहे.)

वर्षश्राद्धाला परसात पान वाढले. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचे सांबारे. अक्षयाने पानाशेजारी विड्याच्या पानावर स्प्रिंग ठेवली. आप्पांना दाखवून मग रिळात बसवायची, असे ठरले होते. सगळे मागे सरले. कावळा दगडी गडग्यावर आला. वड्याकडे पाहिले. खिरीकडे पाहिले. मग दोन उड्या मारून पुढे झाला, स्प्रिंग चोचीत धरली आणि उडाला.

यानंतर जे घडले ते नागवेकर कुटुंबाच्या एकजुटीचे लोभस दर्शन होते. सर्वेश सोवळ्यातच गडगा चढला आणि पलीकडे शेजाऱ्याच्या शेणात उतरला. धाकूकाका धोतराचा सोगा धरून "आडवा रे त्याला, आडवा!" करत आंब्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. भटजी गुरुप्रसाद यांनी पळीपंचपात्र वाजवून पाहिले. आणि आई, जिने वर्षभर कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती, ती पायरीवर उभी राहून आभाळाकडे हात करून ओरडत होती, "अहो! अहो, ठेवा ती खाली! अहो, एकच आहे!"

कावळा माडांवरून उत्तरेकडे गेला. मग आईला हसू फुटले. आईचे पाहून धाकूकाकांना, मग सर्वेशला, तो शेणात उभा असल्यामुळे जरा उशिरा. अक्षया पाटावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. वर्षाचे राहिले होते, ते सगळे. कुणी तिला थांबवले नाही. भटजींनी आचमन करून विधी सुफळ झाल्याचे जाहीर केले.

कंपनीला पोच द्यायची होती. अक्षयाने कार्यालयीन शिस्तीत लिहिले: 'माल मिळाला. ग्राहकाने स्वतः येऊन ताब्यात घेतला.' कंपनीने समाधान व्यक्त करून तक्रार बंद केली.

पुढच्या रविवारी ती मंडणगडला गेली.

"काका, आली होती."

भागोजींचा चेहरा एकदम उतरला. "मग आनलीस?"

"कावळ्यानं नेली. पानावरनं उचलून."

भागोजींनी हातातला विळा खाली ठेवला. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "गंगाराम! माझीपन त्यानंच नेलीन." नंतर जरा वेळाने, विळा पुन्हा हातात घेत, "मंग आता?"

"आता तुमच्या नावानं मागवायला लागेल. पण त्यांच्या योजनेत तुम्ही बसत नाही. त्याला मरावं लागतं."

"मंग ऱ्हाऊ दे. घाई नाय. जेऊन जा."

तूर्त परिस्थिती अशी आहे. दोन्ही रिळे बंद आहेत. भागोजी हयात असल्यामुळे योजनेस अपात्र आहेत, आणि ते अपात्रच असल्याची खात्री करून घेण्यासाठी अक्षया दर दोन महिन्यांनी मंडणगडला जाते. मागच्या खेपेस धाकूकाकाही गेले होते. छत्रीची स्प्रिंग चालेल का, हे विचारायला. भागोजींनी ती नीट निरखून पाहिली आणि नको म्हणाले. डुप्लिकेट. काका पुढच्या खेपेस दुसरी नेणार आहेत.

सुज्ञ वाचकांच्या घरी सगळ्या वस्तू अर्थातच सुरळीत चालू असतील. नादुरुस्त झाल्या तर नवीन येत असतील, त्याही दुसऱ्या दिवशी, दारात. अभिनंदन. आता फक्त एवढेच आठवून पाहा, की तुमच्या दारात काहीही न आणता, नुसते 'नाही आली' एवढेच सांगायला, शेवटचे कोण आले होते.